सिस्टिमडी ठेवू का काढू?

प्रश्न: सर, सेलूला माझं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, जुन्या पीसीवर डेबियन (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची लिनक्स सिस्टिम) टाकलंय. दिवसातून चारदा लाइट जाते अन् दरवेळी चालू व्हायला अडीच मिनिटं, गिऱ्हाईक उभंच. मित्र म्हणतो सिस्टिमडी (पीसी चालू होताना बाकीचे प्रोग्राम सुरू करणारा डेबियनमधला प्रोग्राम) फेक, देवुआन (सिस्टिमडी नसलेलं डेबियन) टाक. काय करू? (एक वाचक, सेलू)

उत्तर: थांबा, घाई नका करू. आधी टर्मिनलमध्ये सिस्टिमडी-अ‍ॅनालाइज ब्लेम (systemd-analyze blame) ही कमांड मारा, कोणती सर्व्हिस (मागं चालणारा प्रोग्राम) किती सेकंद खाते ते वरून खाली दिसतं, बऱ्याचदा नेटची वाट बघत बसलेली एखादी सर्व्हिस निघते नाहीतर हार्डडिस्कच म्हातारी झालेली असते, अन् तसं असलं तर देवुआन टाकूनही फार फरक पडणार नाही, एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) बसवा. भांडण तसं जुनंच, डेबियननं २०१४ ला सिस्टिमडी घ्यायचं ठरवलं, २०१५ च्या डेबियन ८ पासून तेच डिफॉल्ट, ज्यांना पटलं नाही त्यांनी देवुआनची वेगळी चूल मांडली. ओपनआरसी, रनिट हे सिस्टिमडीचे पर्याय लई सुटसुटीत, मलाही आवडतात, पण पोटापाण्याच्या पीसीवर प्रयोग कशाला? घरी दुसरा डबा असेल तर त्यावर खेळा. अन् आधी एक यूपीएस घ्या बुवा.