गुण, घाम आणि गुडघा
वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी या सदरात लिहिले होते की व्यावसायिक बास्केटबॉलपटूची कारकीर्द हातापेक्षा पायांवर अधिक अवलंबून असते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझा पंधरा वर्षांचा मुलगा रेसकोर्स रोडवरच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये रोज संध्याकाळी सरावाला जातो. त्याचे कोच म्हणतात, मुलात गुण आहे, पण तो अंग मोडून मेहनत करत नाही. आजोबांचे म्हणणे असे की अंगात असेल तर ते आपोआप बाहेर येतेच. मोठ्या खेळाडूंच्या बाबतीत या दोहोंचे प्रमाण साधारण किती असते? – एक वडील, सुदामानगर, इंदूर

उत्तर : खिचडीत डाळ किती आणि तांदूळ किती हे सांगता येते, तसे हे प्रमाण सांगता येत नाही, कारण या दोन गोष्टी पातेल्यात वेगवेगळ्या राहतच नाहीत. शिवाय तुमच्या प्रश्नात तिसरी गोष्ट राहून गेली आहे. ती कोचच्या वाक्यातच आहे, फक्त आपण ती वाक्प्रचार म्हणून ऐकतो आणि सोडून देतो. ‘अंग मोडून मेहनत’ हे शब्द बास्केटबॉलमध्ये फार लवकर शब्दशः खरे होतात.

अमेरिकेच्या एनबीए या लीगमध्ये दरवर्षी नव्या खेळाडूंची क्रमवार निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. 2007 च्या ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक ग्रेग ओडन या सात फुटी खेळाडूचा लागला आणि दुसरा केव्हिन ड्युरांटचा. ओडनमध्ये गुण नव्हता असे त्या वेळी कोणी म्हटले नाही. परंतु त्याचा पहिला हंगाम सुरू होण्यापूर्वीच उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, तो संपूर्ण हंगाम बाकावर गेला, आणि त्यानंतर दुखापती एकामागून एक येत राहिल्या. एनबीएच्या एका हंगामात प्रत्येक संघ 82 सामने खेळतो. ओडन साऱ्या कारकिर्दीत 105 सामने खेळला. ड्युरांटने पुढे तीस हजार गुणांचा टप्पा ओलांडला. दुखापत त्यालाही चुकली नाही. 2019 मध्ये त्याच्या टाचेमागचा स्नायुबंध तुटला आणि पुढचा संपूर्ण हंगाम त्याला घरी बसावे लागले. तो परत आला, ओडनला तसे येता आले नाही, आणि या फरकाचे श्रेय कोणाच्या मेहनतीला देण्याइतके आपण त्या दोन शरीरांविषयी जाणत नाही. काही वाटा नशिबाचा आहे. हे कोचला आवडणार नाही, पण ते खरे आहे.

आजोबांसाठी 2013 चे उदाहरण देतो. त्या वर्षी पहिल्या क्रमांकाने निवडलेला अँथनी बेनेट चार हंगामांत 151 सामने खेळून एनबीएमधून बाहेर पडला, तर अथेन्सच्या रस्त्यांवर किरकोळ वस्तू विकत वाढलेला यानिस आंतेतोकुंपो पंधराव्या क्रमांकाने आला आणि पुढे दोनदा हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ज्यांचे कामच गुण ओळखण्याचे, तेही इतके चुकतात. मग ‘अंगात असेल तर दिसतेच’ या म्हणण्याचा आधार थोडा सैल करावा लागतो. 2014 मध्ये 41 व्या क्रमांकाने निवडलेला सर्बियाचा निकोला योकिच तर धड उंच उडीही मारत नाही. त्याचा गुण डोळ्यांत आणि बोटांत आहे. सहकारी अजून मोकळा व्हायचा असतो, तेव्हाच चेंडू त्याच्याकडे निघालेला असतो. उंची फुटपट्टीने मोजता येते, हे मोजता येत नाही.

मला सर्वांत जवळचे उदाहरण वाटते ते एनबीएच्याच स्टीफन करीचे. 2011-12 चा हंगाम एरवीच्या 82 ऐवजी 66 सामन्यांचाच होता आणि करी त्यातील 26 खेळू शकला, कारण त्याचा उजवा घोटा पुनःपुन्हा मुरगळत होता आणि त्यावर शस्त्रक्रियाही झाल्या होत्या. त्यानंतर संघाने त्याच्याशी चार वर्षांचा, त्या मानाने स्वस्त असा करार केला, कारण हा पाय किती टिकेल याची खात्री कोणालाच नव्हती. पुढे काम झाले ते घोट्यापेक्षा कंबरेवर. धावता धावता दिशा बदलताना जो भार घोटा एकटा घेत होता, तो नितंबाच्या आणि पाठीच्या स्नायूंनी उचलावा म्हणून ते स्नायू वजनांच्या व्यायामाने बळकट केले गेले. 2015 आणि 2016 या दोन्ही वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. दूरवरून घेतलेले त्याचे फटके सर्वांनी पाहिले, मात्र ते घेण्यासाठी जो पाय जागेवर राहिला, त्यामागची मेहनत कंटाळवाणी होती आणि ती पाहायला प्रेक्षक नव्हते.

मी स्वतः वीस वर्षांचा असताना निवड चाचणीच्या दोन दिवस आधी माझा डावा घोटा मुरगळला. आमचे त्या वेळचे प्रशिक्षक म्हणाले, ‘‘बांध ले और खेल.’’ क्रेप बँडेज इतके घट्ट बांधले की बोटे जांभळी झाली. सिमेंटच्या कोर्टवर दोन दिवस खेळलो, निवडला गेलो आणि लोकांनी पाठ थोपटली. पुढच्या एका वर्षात तोच घोटा चार वेळा मुरगळला आणि माझा खेळ तेथे संपला. आजही जिना उतरताना माझा हात आधी कठडा शोधतो. त्या दिवशी बसून राहिलो असतो तर मला अंगचोर म्हटले गेले असते. आपल्या भाषेत अंग राखणाऱ्याला वाईट शब्द आहे आणि अंग मोडणाऱ्याला शाबासकी आहे. व्यावसायिक खेळाडू मात्र कामावर असतानाच अंग राखायला शिकतात.

म्हणून कोचना एवढेच विचारा की मेहनत करत नाही म्हणजे नेमके काय करत नाही. वाढत्या वयाच्या मुलाला गुडघ्याच्या वाटीखाली दुखत असेल तर तो धावण्यात हात आखडता घेतो, आणि घरी सांगत नाही. ते तपासून घ्या. तसे काही नसेल, तर आठवडाभर दाराशी उभे राहून पाहा : कोचचे लक्ष दुसरीकडे असताना मुलगा मैदानाच्या मध्यावरून बास्केटवर चेंडू भिरकावतो, की जमत नसलेला डाव्या हाताचा ले-अप, म्हणजे बास्केटजवळ धावत जाऊन हलकेच टाकायचा फटका, घेत राहतो?

प्रश्न : माझी सतरा वर्षांची मुलगी सामन्यात उडी मारून खाली येताना पडली. गुडघ्यात ‘कट’ असा आवाज झाला. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण तुटल्याचे निघाले आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली आहे. नातेवाईक म्हणतात, मुलीचा पाय आहे, आता खेळ पुरे. मुलगी म्हणते, सहा महिन्यांनी स्पर्धा आहे, मी खेळणार. आम्ही कोणाचे ऐकावे? – एक आई, टिळकनगर, इंदूर

उत्तर : ताई, दोघांचेही ऐकू नका.

एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या मध्यातून तिरपा जाणारा, हाडांना जोडणारा हा पट्टा, नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही आणि पाय वळताना सांधा धरून ठेवतो. एकाच खेळात मुलांपेक्षा मुलींमध्ये तो अधिक प्रमाणात तुटतो. शरीराची ठेवण हे त्याचे एक कारण आहे, आणि उडीनंतर गुडघे आत वळवून उतरण्याची सवय हे दुसरे. पहिले बदलता येत नाही, दुसरे शिकवून बदलता येते. आपल्याकडे मुलींना नेम शिकवतात, जमिनीवर उतरायला शिकवत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे.

शस्त्रक्रियेत बहुधा रुग्णाच्याच मांडीमागचा किंवा वाटीखालचा स्नायुबंध काढून त्या जागी बसवतात. तो शरीरात रुजताना आधी कमकुवत होतो आणि मग हळूहळू बळ धरतो. नेमक्या याच काळात, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, दुखणे थांबते, सूज उतरते आणि मुलीला वाटते की आपण बऱ्या झालो. सर्वांत मोठा धोका याच टप्प्यावर असतो. नऊ महिन्यांच्या आत स्पर्धेत उतरणाऱ्यांमध्ये पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण बरेच जास्त आढळते. म्हणून सहा महिन्यांनंतरची ती स्पर्धा आजच विसरायला सांगा. नंतरचा निर्णयही नुसत्या कॅलेंडरवर सोडू नका. शिवणाची टेप घ्या, वाटीच्या वर एक वीत अंतरावर दोन्ही मांड्यांचा घेर मोजा आणि दर पंधरा दिवसांनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा. शस्त्रक्रिया झालेली मांडी किती बारीक झाली आहे, हे पाहून मुलगी तुमच्यापेक्षा आधी गप्प होईल. पुढे फिजिओ एका पायावर लंगडी घालायला लावून किती अंतर जाते ते मोजतील; नवा पाय चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्के अंतर कापू लागेपर्यंत मैदान नको.

नातेवाइकांना स्यू बर्डचे नाव सांगा. अमेरिकेतील विद्यापीठाच्या पहिल्याच वर्षी, 1998 मध्ये तिचा एसीएल तुटला. 2002 मध्ये डब्ल्यूएनबीए या महिलांच्या लीगच्या ड्राफ्टमध्ये तिची पहिल्या क्रमांकाने निवड झाली, आणि ती निवृत्त झाली 2022 मध्ये, एकेचाळिसाव्या वर्षी, पाच ऑलिंपिक सुवर्णपदके घेऊन.

पण मुलीला दुसरे नाव सांगा. डेरिक रोझ 2011 मध्ये बावीस वर्षांचा असताना एनबीएच्या इतिहासातील सर्वांत तरुण सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. 28 एप्रिल 2012 रोजी, संघ बारा गुणांनी पुढे असताना आणि सामन्यात दीड मिनिटाहूनही कमी वेळ उरला असताना, त्याच्या डाव्या गुडघ्याचा एसीएल तुटला. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवूनही पुढचा हंगाम तो खेळला नाही, म्हणून लोकांनी त्याला नावे ठेवली. आणि परतल्यानंतर थोड्याच दिवसांत उजव्या गुडघ्यातील कूर्चा फाटली. हंगामातील निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार संघात तो पुन्हा कधी आला नाही. तरीही 31 ऑक्टोबर 2018 रोजी त्याने एका सामन्यात 50 गुण केले आणि मैदानावरच तो रडला. म्हणजे पुरेसे थांबूनही सर्व काही परत मिळतेच असे नाही, हे तिला आत्ताच माहीत असावे. अर्धवट बऱ्या गुडघ्यावर खेळणे मात्र तिच्या हातात आहे, आणि तेवढे तिने टाळावे.

प्रश्न : 2015 मध्ये सतनामसिंग भामरा एनबीएमध्ये निवडला गेला तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता. पुढे तो दिसलाच नाही. आपली मुले मेहनतीत कमी पडतात काय? – एक निवृत्त शिक्षक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : सर, हा आरोप मला मान्य नाही. पंजाबमधील बल्लो के या लहान गावातून आलेला हा मुलगा लुधियानाच्या अकादमीत खेळ शिकला आणि 2010 मध्ये, अवघा चौदा वर्षांचा असताना, इंग्रजी जवळजवळ येत नसताना फ्लोरिडाला जाऊन राहिला. ही काही आळशी माणसाची लक्षणे नव्हेत. डॅलसच्या संघाने त्याला 52 व्या क्रमांकाने निवडले. तो त्यांच्या दुय्यम लीगमधील संघात खेळला, पण एनबीएचा सामना त्याच्या वाट्याला आला नाही. माझ्या मते त्याचा गुण चुकीच्या दशकात पोचला. सात फूट दोन इंचांच्या माणसाने बास्केटखाली उभे राहावे, ही पद्धत त्याच सुमारास मोडत होती. उंच खेळाडूंनीही बाहेर येऊन तीन गुणांचे फटके घ्यावेत आणि चपळ खेळाडूंना मोकळ्या जागेत अडवावे, अशी अपेक्षा होऊ लागली होती. पुढे उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणी त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि मग तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला.

मेहनतीचाच प्रश्न असेल तर तो आपल्या व्यवस्थेला विचारा. भारतात वर्षभर चालणारी, पोट भरेल अशी लीग रुजलेली नाही. 2015 मध्ये सुरू झालेली यूबीए ही बास्केटबॉल लीग दोन-तीन वर्षांतच थांबली. त्यामुळे चांगला खेळाडू रेल्वेत, सेनादलात किंवा एखाद्या सरकारी कंपनीत लागतो, आणि नोकरी लागली की घरचे पेढे वाटतात. बाविसाव्या वर्षी पक्क्या नोकरीची हमी मिळालेल्या माणसाने तेविसाव्या वर्षी पहाटे पाचला उठून कंबरेचे व्यायाम कोणासाठी करावेत?

प्रश्न : माझे वय अठरा, उंची पाच फूट पाच इंच. बास्केटबॉल सोडून द्यावे का? – एक विद्यार्थी, रामबाग, इंदूर

उत्तर : मग्सी बोग्ज तुझ्यापेक्षा दोन इंचांनी बुटका होता आणि एनबीएमध्ये चौदा हंगाम खेळला. परंतु साऱ्या इतिहासात तितका बुटका तो एकटाच आहे, तेव्हा त्याच्या नावावर करिअरची गणिते मांडू नकोस. खेळायचे असेल तर खेळ. चेंडू दोन्ही हातांनी जमिनीलगत ठेवायला शिक, आणि बसच्या मागे जाहिरात असते त्या उंची वाढवणाऱ्या पावडरीचे पैसे वाचवून घोट्याला नीट धरणारे बूट घे.