चाचणी निगेटिव्ह आली, आता पुढे काय?

नमस्कार,

तुमच्या मुलीला न्यायवैद्यक विषशास्त्रात जायचं आहे, डिझायनर ड्रग्जच्या (जुन्या अमली द्रव्यांच्या रेणूत फेरफार करून बनवलेल्या नव्या द्रव्यांच्या) मृत्यूंचा छडा लावायचा आहे. ‘पण रक्त मशीनमध्ये घातलं की उत्तर येतं, मग हिने शिकायचं काय?’ असं तुम्ही विचारलंय.

मशीनला जे विचारलं, तेवढंच ते सांगतं. इम्युनोअसे ही नेहमीची प्राथमिक चाचणी ओळखीच्या रेणूंसाठी बांधलेली असते. अफूवर्गाची वा फेंटानिल या कृत्रिम वेदनाशामकाची चाचणी नायटाझिन ही अफूसारखा परिणाम करणारी कृत्रिम द्रव्यं सहसा पकडत नाही. ही द्रव्यं वेदनाशामक म्हणून १९५०च्या दशकात सिबा या स्विस कंपनीने बनवली, औषध म्हणून ती बाजारात आलीच नाहीत आणि २०१९च्या सुमारास चोरट्या बाजारात उगवली. रक्तात ती मिलिलिटरला काही नॅनोग्रॅम, कधी त्याहूनही कमी सापडतात. म्हणून चाचणी निगेटिव्ह आली तरी घटनास्थळी मिळालेली पूड, शवविच्छेदनाच्या नोंदी वाचून पुढे कुठे शोधायचं हे माणूसच ठरवतो. मग हाय रेझोल्यूशन मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे रेणूचं वस्तुमान अगदी अचूक मोजून तो ओळखायची पद्धत. तिचा साठवलेला डेटा नवा रेणू माहीत झाल्यावर पुन्हा उघडून तपासता येतो (मला या कामातला हा भाग सर्वांत आवडतो). तरी पक्कं नाव द्यायचं तर तुलनेसाठी त्या द्रव्याचा शुद्ध संदर्भ नमुना हवाच, आणि नव्या द्रव्याचा तो पटकन मिळत नाही.

आकडा हाती आला तरी काम संपत नाही. मृत्यूनंतर काही औषधं अवयवांतून रक्तात झिरपतात, हृदयातल्या रक्तात त्यांचं प्रमाण फुगलेलं दिसतं. म्हणून मांडीच्या शिरेतलं रक्त घेतात. व्यसनाची सवय किती, सोबत दारू वा झोपेच्या गोळ्या होत्या का, हेही पाहावं लागतं.

म्हणून माझा आग्रह आधी रसायनशास्त्राच्या पदवीचा. फार्मसी किंवा जैवरसायनही चालेल. न्यायवैद्यकाचं नाव पदव्युत्तर पातळीवर जोडता येतं. सुरुवातीलाच घेतलेल्या पदवीत ते असलं तरी रसायन कच्चं राहिलं, तर प्रयोगशाळेत अडतं. औषधशास्त्र आणि संख्याशास्त्र टाळू देऊ नका.

प्रेतांची धास्ती तुम्ही लिहिली आहे. शवविच्छेदन डॉक्टर करतात. हिच्या टेबलावर सीलबंद बाटल्या येतील. व्हिसेराचा (तपासणीसाठी काढलेल्या अवयवांच्या तुकड्यांचा) वास मात्र येतो. कोर्टात उलटतपासणीही होते, आणि तिथे ‘एवढ्यावरून सांगता येणार नाही’ हे वाक्य न डगमगता म्हणता यावं लागतं. ते तिला जमेल का, हे तिच्याशीच बोलून पाहा.