महापालिकेत शिकाऊ म्हणून रुजू होताना

भावा, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून आलायस ना, मग आधी डोक्यात पक्कं कर: ही नोकरी नव्हे. 2024 ला योजना आली तेव्हा बारावीला 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन ठरलं; कायम करायचं वचन नव्हतं. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यातही आपोआप नोकरी मिळत नाही. तेव्हा न्यायचं ते शिकून न्यायचं.

नुसतं झेरॉक्सवर बसवतील. हरकत नाही, पण आवक-जावक मागून घे. पत्र कुठून आलं, कुणाच्या टेबलावर किती दिवस पडलं, सगळं त्या रजिस्टरात दिसतं. मग घरफाळ्याची एखादी निकाली फाईल पहिल्या अर्जापासून वाच. कोणत्या टिपणीवर साहेबांनी शेरा मारला आणि का, हे कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. शेजारी 2015 चा लोकसेवा हक्क कायदा ठेव. काउंटरवर माणूस तावातावानं येतो तेव्हा दाखल्याची मुदत आणि अपील कुणाकडे, एवढं सांगता आलं तरी तो निम्मा शांत होतो.

एखादी सकाळ पाणीपुरवठ्याच्या चावीवाल्याबरोबर फिर. कुठल्या गल्लीत पाणी चढत नाही, ते त्याला नकाशापेक्षा जास्त ठाऊक. पावसाळ्यात आपत्ती कक्षाची ड्युटी टाळू नकोस. आपल्या कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे पाठच पाहिजे.

हजेरी मात्र रोजच्या रोज नोंदव, विद्यावेतन त्यावरच निघतं.