महाग्रामसभेच्या कामाला निघताना

प्रिय पोरी,

सेवा जोहार. गडचिरोलीतल्या कोरची तालुक्याच्या महाग्रामसभेत काम करणार हे कळलं, फार बरं वाटलं. नव्वदेक ग्रामसभांचा तो महासंघ. तिथे गेल्यावर एक लक्षात ठेव : 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचं रक्षण आणि व्यवस्थापन ग्रामसभेच्या हाती दिलंय. महासंघ गावांनी आपल्या गरजेपोटी उभा केला, त्याने गावावर हुकूम सोडायचा नसतो.

गरज कसली, ते मे महिन्यात तेंदूच्या फळीवर, म्हणजे विडीचं पान गोळा करायच्या जागी, बसलीस की कळेल. बाया पहाटेच रानात जातात. दुपारी घरातले सगळे मिळून पानं जुळवतात, सत्तर-सत्तर पानांची पुडकी सालीने बांधतात आणि संध्याकाळी फळीवर मोजून देतात. हंगाम थोड्या दिवसांचा, पान घरात ठेवून भाव चढायची वाट बघता येत नाही. ठेकेदार हे ओळखून असतो. एकटं गाव बोलणीला बसलं की शेजारच्या गावाचा दर पुढे करून तो भाव पाडतो. पुष्कळ गावं एकत्र लिलाव करतात तेव्हा त्याला ही पळवाट उरत नाही. करारनामा नीट वाचणं, थकलेल्या पैशांचा तगादा लावणं, हेही एकट्या गावाला जड जातं.

सरकारी कागदांचंही तसंच. आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर हक्क मिळाला, पण तोडलेला बांबू न्यायला लागणारा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हातात राहिला. परवान्याचं पुस्तक ग्रामसभेला मिळालं एप्रिल 2011 मध्ये, तेही केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा. असा खोळंबा झाला की सगळ्या तालुक्याने मिळून दार ठोठवावं. वणव्याचं आणि शिवेच्या भांडणाचंही तसंच, दोन गावं एका जागी बसल्याशिवाय ते मिटत नाही.

मला काळजी वाटते ती वेगळीच. तालुक्याच्या बैठकीला पोचतो कोण? ज्याच्याकडे मोटारसायकल आहे आणि ज्याला मराठीत बोलता येतं, तो. जंगल सगळ्यात जास्त जाणणारी बाई मागेच राहते. म्हणून बैठक गोंडीतही चालव. ठराव आधी गावात होऊ दे, मग वर येऊ दे. घाईचा विषय असला तरी हा क्रम मोडू नकोस. आणि तेंदूचा पैसा ग्रामसभेच्याच खात्यात जमा होऊ दे, हिशेब गावसभेत मोठ्याने वाचून दाखव, वही गावातच ठेव.

तुझा,
काका