आयताच्या परिमितीची शाब्दिक उदाहरणं: समीकरण मांडायचं कसं?

तुमचं उदाहरण असं आहे: आयताची लांबी त्याच्या रुंदीच्या दुपटीपेक्षा ३ सेमीने कमी आहे आणि परिमिती ४८ सेमी आहे, तर लांबी-रुंदी काढा. सूत्र पाठ आहे, पण समीकरण मांडताना गाडी अडते, असं तुम्ही म्हणता.

अडते, कारण सूत्रात लांबी आणि रुंदी या दोन्ही गोष्टी माहीत नाहीत आणि एकाच समीकरणातून दोन्ही निघत नाहीत. आधी एक बाजू दुसरीच्या रूपात लिहायला हवी. खरं काम तेवढंच, पुढची आकडेमोड किरकोळ आहे.

मग क्ष कोणाला मानायचं? जिच्या आधाराने दुसरी बाजू सांगितली आहे, तिला. इथे लांबी रुंदीवरून सांगितली आहे, म्हणून रुंदी = क्ष. तिची दुप्पट २क्ष, त्यातून ३ वजा केले की लांबी = २क्ष − ३. घाईत २(क्ष − ३) लिहिलं जातं, पण त्याचा अर्थ वेगळा: आधी ३ कमी केले आणि मग दुप्पट केली. लांबीला क्ष मानलं तरी उत्तर तेच येतं, फक्त रुंदी (क्ष + ३)/२ होते आणि अपूर्णांक शेवटपर्यंत सांभाळत बसावा लागतो.

आता माझा एक आग्रह: परिमिती आधी निम्मी करा. परिमितीत लांबी दोनदा येते, रुंदीही दोनदा. म्हणजे एक लांबी + एक रुंदी = २४.

क्ष + २क्ष − ३ = २४
३क्ष = २७
क्ष = ९

रुंदी ९ सेमी, लांबी १५ सेमी.

पडताळा घ्याच, पण तो स्वतःच्या समीकरणात नाही, मूळ वाक्यात घ्या. ९ ची दुप्पट १८, त्यातून ३ गेले, १५. परिमिती २ × (१५ + ९) = ४८. जुळलं. समजा निम्मं करायचं विसरून बेरीज थेट ४८ धरली, तर क्ष = १७ आणि लांबी ३१ येते. ही उत्तरं त्या चुकीच्या समीकरणात व्यवस्थित बसतात, म्हणून तिथे पडताळा घेऊन काहीच कळत नाही. वाक्याकडे परत गेलात की परिमिती ९६ निघते आणि चूक लगेच सापडते.

याच प्रकारातलं जरा फसवं उदाहरण म्हणजे आयताभोवती बाहेरून सारख्या रुंदीचा पट्टा. पट्ट्याची रुंदी क्ष असेल, तर लांबी क्ष ने नाही, २क्ष ने वाढते, कारण पट्टा दोन्ही टोकांना आहे. रुंदीचंही तसंच. म्हणून बाहेरच्या आयताची परिमिती ८क्ष ने वाढते. आपल्याच १५ × ९ च्या आयताला २ सेमीचा पट्टा लावला, तर तो १९ × १३ होतो आणि परिमिती ६४, म्हणजे १६ ने जास्त. अशा वेळी कच्ची आकृती काढून चारही कडांवर मापं लिहा, मग हे २क्ष आपोआप दिसतात.