अम्मींचा रोजा आणि तुझा

"मावशी, मी दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून लिहिते. वय 26. मुलगी 7 महिन्यांची, अंगावर पिते. माझ्या सासूबाईंना, आम्ही अम्मी म्हणतो, सहा वर्षांपासून साखर आहे, दोन टाइम गोळी चालू. मागच्या रमजानात हरभऱ्याच्या वावरात चार वाजता घेरी येऊन पडल्या. अंग घामानं ओलं, हात थरथरत होते. तरी इफ्तारपर्यंत पाण्याचा थेंब घेतला नाही. रमजान आता महिनाभरावर आला. काही बोललं की म्हणतात, चाळीस वर्षांत माझा एक रोजा चुकला नाही, मे महिन्यातले धरले, मग थंडीतल्यानं काय होते? माझे मिस्टर गप्प राहतात. मी जास्त बोलले तर 'ही आम्हाला दीन (धर्म) शिकवायला आली' असं होते. काय करू? माझे मागचे रोजेपण राहिले आहेत, पण ते सोडा, आधी अम्मींचं सांगा. — एक सून"

बाई गं, ते कसं सोडू? तुझं खरं पत्र त्या शेवटच्या ओळीत आहे. त्याकडे येतेच, पण आधी अम्मी.

मी 31 वर्षं उपकेंद्रात नर्स होते. घेरी, घाम, थरथर म्हणजे साखर उतरल्याची खूण. आणि साखर उतरली की माणूस हट्टी होतो, हे मी कितीदा पाहिलं. डोक्याला साखर पोचत नाही, मग "मला काही झालं नाही" हेच एक वाक्य तोंडात राहतं. त्या दिवशी अम्मींनी पाणी नाकारलं त्यात श्रद्धा किती आणि उतरलेली साखर किती, हे त्यांनाही सांगता येणार नाही.

मे महिन्यातले रोजे त्यांनी धरले, ते खरंच. हिजरी वर्ष चंद्राचं, साधारण 354 दिवसांचं. आपल्याकडे धोंड्याचा महिना घालून चंद्राला परत ऋतूच्या वाटेवर आणतात, तिकडे तसं नाही, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2018 साली तर तो नेमका धोंड्याच्या महिन्यातच आला होता, 17 मेपासून. आपल्याकडच्या त्या उन्हात चौदा तासांच्या वर निर्जळी! आमचा साबुदाण्याचा उपास त्यापुढे काहीच नाही. पण 2018 मध्ये अम्मींच्या पोटात साखरेची गोळी नव्हती. गोळी पोटात गेली की ती साखर खाली ओढणारच, तुम्ही जेवा न जेवा. काही गोळ्या हे जास्त करतात, काही कमी. अम्मींची कोणती, ते डॉक्टरच चिठ्ठी बघून सांगतील.

आता ते "चाळीस वर्षांत एक चुकला नाही". बाई, हे कोणत्याही बाईच्या बाबतीत शब्दशः खरं असू शकत नाही. दर महिन्याचे दिवस, बाळंतपणं, त्या दिवसांत रोजा धरायचाच नसतो. अम्मींनी ते नंतर एकेक करून भरून काढले असणार. म्हणजे सवलत घ्यायची आणि कजा, म्हणजे राहिलेले रोजे, नंतर फेडायची, हे तुझ्या अम्मी तरुणपणापासून करत आल्या आहेत. त्यांना दीन शिकवायला जाऊच नकोस. एखाद्या दुपारी तुरीच्या शेंगा सोलताना नुसतं विचार, "अम्मी, यांच्या जन्माच्या वेळचे रोजे तुम्ही कधी पुरे केले हो?" आणि ऐकत बस. बहुतेक थंडीतल्या लहान दिवसांची, कापूस वेचून आल्यावरची काहीतरी गोष्ट निघेल. त्यातून त्यांचं त्यांनाच आठवेल.

मी तुमच्या धर्माची नाही, म्हणून मसला, म्हणजे धर्माचा नियम, मौलानांनीच सांगावा. पण सूरह बकराच्या 184 आणि 185 व्या आयतीत आजारी माणसाला सवलत आहे, एवढं मलाही ठाऊक आहे. बरं होणारा आजार असेल तर नंतर तेवढे दिवस भरायचे, आणि कधी झेपणारच नसेल तर रोज एका गरिबाला जेवण, म्हणजे फिदया. हे तू बोलू नकोस. तुझ्या मिस्टरांनी आधी अम्मींना डॉक्टरकडे न्यावं, तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी करावी आणि डॉक्टर जे म्हणतील ते मौलानांना अम्मींसमोर सांगावं. आई त्यांची आहे, गप्प बसून सगळं सुनेच्या अंगावर टाकणं मला पटत नाही. हे पत्र त्यांना वाचून दाखव, माझं नाव सांग.

डॉक्टर रोजा धरू देतीलही. साखर ताब्यात असेल तर गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलून काही जणांना धरता येतो. तो बदल डॉक्टरांनीच करायचा, शेजारणीच्या चिठ्ठीवरून नाही. परवानगी मिळाली तर शाबानमध्येच, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यात, एखादा नफल (ऐच्छिक) रोजा धरून बघा, त्या दिवशी वावरात न जाता. बोटाला टोचून साखर बघितल्यानं रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. उपकेंद्रात ती फुकट बघतात, पण घरी मशीन असलेलं बरं. 70 च्या खाली गेली की रोजा तिथल्या तिथे सोडायचा, तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी परत बघायची. 300 च्या वर गेली तरी सोडायचा, पाणी पाजून दवाखाना गाठायचा. पहाटेची सहेरी उठून करायची, रात्रीच जेवून झोपायचं नाही. ज्वारीची भाकर, वरण, अंडं, दही पोटात टिकतं. दुधातली गोड फेणी टिकत नाही. इफ्तारला खजूर एक, आणि आलूभजे मुलांसाठी ठेवा.

डॉक्टर नाही म्हणाले, तर मला अम्मींच्या उपाशीपणापेक्षा त्यांच्या रिकामेपणाची काळजी वाटते. ज्या बाईनं इतकी वर्षं गल्लीभर इफ्तारीची ताटं पाठवली, ती तीस दिवस कोपऱ्यात बसून काय करेल? आणि बायका विचारणार, "रोजा आहे ना?" म्हणून फिदयाचं जेवण अम्मींच्याच हातचं असू दे. सहेरीला त्यांनीच सगळ्यांना उठवावं, दस्तरखानावर आधी त्या बसाव्यात.

आता तू. मागच्या वर्षी पोटुशी होतीस, म्हणून राहिले. आता मुलगी अंगावर पिते. सात महिन्यांचं लेकरू थोडं वरचं खायला लागतं, पण दूध अजून तुझंच. दूध पाजणारीला, स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाला अपाय होईल असं वाटलं तर सवलत आहे. राहिलेल्या रोज्यांची कजा कधी करायची, तेही मौलानांना विचार. रोजे राहण्याचं कारण अजून सुरूच आहे, हे त्यांना स्पष्ट सांग. मला वाटतं, अम्मींना "तुम्ही सोडा" म्हणायला तुला जड जातं, कारण त्या उलटून म्हणतील, "आणि तू?" याचं उत्तर तुझ्याकडे तयार नाही. तेव्हा अम्मींबरोबर दवाखान्यात तूही जा. स्वतःचं वजन, रक्त तपासून घे. दोघींची चिठ्ठी एकाच दिवशी होऊ दे. मग सासूला थांबवणारी सून राहणार नाहीस. दोघी मिळून कजाचा हिशोब मांडाल, भिंतीवर कॅलेंडर टांगून, पुढच्या डिसेंबरसाठी.

मिस्टरांचा खर्रा चालू असेल, तर शाबानपासून रोज एक पुडी कमी करायला सांग. रमजानच्या पहिल्या तीन दिवसांत घरात भांडणं होतात ती बहुतेक खर्रा तुटल्यानंच होतात, आणि चहा तुटल्यानं. चहाही आत्ताच एक कप कमी करा, सगळ्यांनीच.

— मावशी