झाकणातून गळणारं पाणी

प्रश्न : मी अमेरिकेत, ओहायोत राहतो. गॅरेजमध्ये प्लायवूडचा टियरड्रॉप ट्रेलर (गाडीमागे ओढायची, थेंबाच्या आकाराची छोटी कॅम्पिंगची खोली) बांधलाय. मागच्या, स्वयंपाकाच्या बाजूच्या झाकणाला पियानो बिजागरी (झाकणाच्या रुंदीभर जाणारी लांबलचक बिजागरी) लावली, पण पाऊस पडला की ओट्यावर पाणी टपकतं. सिलिकॉन दोनदा भरलं. आता काय करू?

उत्तर : सिलिकॉन खरवडून काढा, बिजागरीही काढा. पियानो बिजागरीच्या जोडाजोडांतून पाणी झिरपतंच; माझ्या पहिल्या ट्रेलरचं छत असंच कुजलं, त्याची हळहळ अजून वाटते. हरिकेन बिजागरी घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन अखंड पट्ट्या झाकणाच्या रुंदीभर एकमेकींत अडकतात, मध्ये आरपार फट उरत नाही. मात्र त्या आडव्या सरकतात, म्हणून दोन्ही टोकांना अडसर हवाच.

खरं काम स्क्रूच्या भोकांचं. उघडं प्लाय पाणी पितं. भोकं आधी मोठी पाडा, इपॉक्सीने (दोन भाग मिसळले की कडक होणारी राळ) भरा, पूर्ण सुकलं की मधोमध बारीक भोक पाडून स्टेनलेसचे स्क्रू बसवा. इथे घाई नको, एक दिवस जाऊ दे. पट्टीखाली ब्युटाइल टेप, म्हणजे पाणी अडवणारी मऊ चिकट पट्टी, लावा. झाकण उघडं धरून ठेवणारे गॅस स्ट्रट (गॅस भरलेले दांडे) सगळ्यात शेवटी. त्याआधी झाकण हाताने वीसदा उघडझाप करून कुठे घासतंय ते बघा.